इंधनाचा भरवसा

कोयनेचं वर्ष १ जूनला सुरू होतं. ३१ मे रोजी ते संपतं, आणि त्या दोन तारखांमध्ये पाटण तालुक्यातल्या या धरणातून किती पाणी पश्चिमेला गेलं याचा जो हिशेब राहतो, त्यातला एक आकडा पाटणपासून सांगलीपर्यंत अनेकांना तोंडपाठ आहे: ६७.५ टीएमसी. न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालच्या कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात कोयनेतून वीजनिर्मितीसाठी कोकणात वळवायच्या पाण्यावर वर्षाला एवढी मर्यादा घातली. धरणात आज १०५.२५ टीएमसी पाणी मावतं. नवजाला आणि महाबळेश्वरला कितीही पाऊस कोसळो, वक्र दरवाजे कितीही दिवस उघडे राहोत, पश्चिमेचा हा आकडा हलत नाही.

वीजप्रकल्पाची बातमी नेहमी मेगावॉटने सुरू होते. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. त्यात पोफळीच्या भूमिगत वीजगृहातले पहिले दोन टप्पे मिळून ६००, कोळकेवाडीच्या पाण्यावर चालणारा तिसरा टप्पा ३२०, चौथा टप्पा १,००० आणि धरणाच्या पायथ्याचं ४० मेगावॉटचं छोटं वीजगृह. हे आकडे खरे आहेत, पण ते यंत्रांचे आहेत. यंत्रांना वर्षभर पुरेल इतकं इंधन आहे का, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. इथे इंधन म्हणजे पाणी. तेव्हा जरा गणित करून पाहू.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. कोयनेच्या शिवसागर जलाशयातून पोफळीपर्यंत हे पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरतं. यंत्रांमधली घट धरूनही एका टीएमसीतून सव्वातीन कोटींच्या जवळपास युनिट वीज निघते. वीजगृहातून बाहेर पडलेलं तेच अवजल कोळकेवाडीला अडवून पुन्हा शंभराहून जास्त मीटर खाली सोडलं की आणखी पाऊण कोटी. ढोबळमानाने चार कोटी युनिट धरा. ६७.५ टीएमसीचे झाले २७० कोटी. आता पायथ्याचं वीजगृह सोडून उरलेले १,९२० मेगावॉट वर्षभर अहोरात्र पूर्ण भाराने चालवायचे म्हटले, तर १,६८० कोटी युनिट निघायला हवेत. म्हणजे इंधन आहे ते यंत्रांच्या ताकदीच्या सहाव्या हिश्शापुरतं. सगळे संच एकदम सुरू करून तसेच ठेवले तर वर्षाचा कोटा दोन महिन्यांच्या आत संपेल.

मग चौथा टप्पा बांधला कशाला? १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाखालून खोदत आणलेल्या बोगद्याच्या तोंडाशी शेवटचा खडक स्फोटाने उडवला आणि पाणी आत घेतलं. लेक टॅपिंगचा हा प्रयोग आशियात पहिलाच म्हणून गाजला, आणि २५ एप्रिल २०१२ ला त्याची पुनरावृत्तीही झाली. त्या सोहळ्यांच्या बातम्यांत एक साधी गोष्ट हरवून गेली. चौथ्या टप्प्याने पाण्याचा एक थेंबही वाढवला नाही. त्याने वाढवला तो पाणी वापरण्याचा वेग. संध्याकाळी सहा ते दहा या वेळात मुंबई-पुण्याची मागणी एकदम चढते, तेव्हा काही मिनिटांत हजार मेगावॉट उभे करायचे आणि मागणी उतरली की बंद करायचे. कोळशाच्या थंड संचाला सुरू व्हायला तास न् तास लागतात. पाण्याचा संच झडप उघडली की फिरतो. कोयनेचा खरा धंदा युनिटांचा नाही, वेळेचा आहे. इंधन मोजकं, पण हवं तेव्हा हाताशी. याला मी भरवशाचं इंधन म्हणेन, आणि त्या भरवशाचं अर्धं श्रेय सह्याद्रीच्या कड्याला आहे, अर्धं त्या मर्यादेला. मर्यादाच नसती तर मागणीचा रेटा पाहता प्रत्येक एप्रिलमध्ये जलाशयाचा तळ दिसला असता, असं मला वाटतं.

पण भरवसा कुणाचा, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कड्याला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकला एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून कऱ्हाडला जाऊन प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. नदीचा स्वभाव पूर्वेचा. माणसाने तिला हेळवाकच्या आधी अडवून, डोंगर भेदून पश्चिमेला नेलं. सुमारे शंभर गावं त्यासाठी उठली. त्यातल्या अनेकांचं पुनर्वसन तिसऱ्या पिढीपर्यंत रेंगाळलं आहे आणि कोयनानगरला त्यासाठीची आंदोलनं अगदी अलीकडेपर्यंत झाली आहेत. पूर्वेला सांगली जिल्हा आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेतून पाणी उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जत अशा कोरड्या तालुक्यांत नेतात. कृष्णेत उन्हाळ्यात उचलायला जे पाणी असतं त्यात कोयनेचा वाटा मोठा. त्यामुळे २०२३ सारख्या अपुऱ्या पावसाच्या वर्षी धरण भरलं नाही, की एकाच साठ्यावर दोन हक्क उभे राहतात: पोफळीचा आणि आटपाडीचा. त्या हिवाळ्यात पाणी किती आणि कधी सोडायचं यावरून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या पुढाऱ्यांत जी ओढाताण झाली ती वर्तमानपत्रांनी राजकारण म्हणून छापली. ती मुळात इंधनाच्या पुरवठ्याची बातमी होती.

इथे पुन्हा थोडं गणित, कारण भावनेपेक्षा ते जास्त बोलकं आहे. एक टीएमसी पश्चिमेला गेलं तर चार कोटी युनिट मिळतात. तेच पूर्वेला सोडलं तर पायथ्याच्या वीजगृहातून पन्नास लाखांच्या आतबाहेर युनिट मिळतात, आणि पुढे ते पंपांनी टप्प्याटप्प्याने एकूण तीनशे मीटर उचललं असं धरलं तर सव्वातीन कोटी युनिट खर्ची पडतात. म्हणजे एका टीएमसीची दिशा बदलली की राज्याच्या वीजखात्यात जवळजवळ सात कोटी युनिटांचा फरक पडतो. दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याने हेक्टरी वीस हजार घनमीटरच्या हिशेबाने चौदाशे हेक्टर ऊस भिजतो; डाळिंबाला किंवा ज्वारीला दिलं तर त्याच्या कितीतरी पट क्षेत्र. शिवाय पोफळीतून गेलेलं अवजल वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, त्यातलं फारच थोडं वाटेत वापरलं जातं. कोकणातल्या माणसाला ते वाहून जाताना दिसतं, सांगलीतल्या माणसाला ते आपल्या शेतातून गेल्यासारखं वाटतं.

आणि पाणी कमी पडतं तसं जास्तही होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली बुडाली, त्यानंतर धरण पावसाळ्याच्या उत्तरार्धापर्यंत थोडं रिकामं ठेवा अशी मागणी जोर धरू लागली. पूर अडवायला धरण रिकामं हवं, वीज आणि शेतीला ते भरलेलं हवं. कोळशाच्या ढिगाबाबत असा वाद कुणी घालत नाही.

कोळसा आणला असता तर? पाटणच्या जवळपास हजार मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा करायचा अशी कल्पना करू. असा कुठलाही प्रस्ताव इथे नाही, पण तुलनेसाठी बरा. ऐंशी टक्के भाराने चालला तर तो रोज सुमारे दोन कोटी युनिट देईल आणि त्यासाठी तेरा हजार टनांहून जास्त कोळसा जाळेल. म्हणजे रोज चारेक मालगाड्या. पाटणला रेल्वे नाही. जवळचं स्थानक कऱ्हाड, आणि चंद्रपूर-वणीच्या खाणी तिथून रेल्वेने आठशे किलोमीटरपेक्षा लांब. भारतीय कोळशात राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे रोज चार-पाच हजार टन राख टाकायला जागा हवी. कोयनेच्या खोऱ्यात सपाट जागा म्हणजे भातखाचरं.

मात्र एका बाबतीत हा प्रकल्प अनपेक्षितपणे काटकसरी ठरतो. नव्या औष्णिक प्रकल्पांना घालून दिलेल्या दर मेगावॉट-तासाला तीन घनमीटर या मापाने त्याला वर्षाला पाऊण टीएमसी पाणी पुरेल आणि तेवढ्यावर तो सातशे कोटी युनिट देईल. कोयना ६७.५ टीएमसी वळवून २७० कोटी देते. केवळ कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याचाच विचार केला तर कोळसा जिंकतो, आणि ‘पश्चिमेची वीज बंद करा, पाणी पूर्वेला द्या’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने हा युक्तिवाद करता येतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. त्यात धूर नाही, राख नाही, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळचे ते चार तास नाहीत. ते कुठून आणायचे याचं उत्तर दिल्याशिवाय कोयना थांबवता येणार नाही.

शिवाय कोळशाचा ढीग असला म्हणून कारखाना चालेलच असं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक वीजकेंद्र बंद पडलं. गोदावरीवरचा खडका बंधारा कोरडा पडला आणि ११३० मेगावॉटचं केंद्र थंड झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये उलट झालं: पाणी होतं, पण खाणींमध्ये पाऊस शिरलेला, मागणी उसळलेली, आयात कोळसा महागलेला, आणि देशातल्या कितीतरी केंद्रांकडे चार दिवसांपेक्षा कमी कोळसा उरलेला. त्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने खाणींपासून दूरच्या केंद्रांनी वीस ते सव्वीस दिवसांचा साठा ठेवावा असा दंडक घातला. वीजप्रकल्पाला एक इंधन कधीच नसतं. कोळसा, पाणी, रेल्वेचा डबा आणि बँकेतलं खेळतं भांडवल, या चौघांपैकी जो आधी संपेल त्यावर केंद्र थांबतं.

कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि पुढे गुहागरकडे गेलं की शंभर किलोमीटरच्या आत या सगळ्या गणिताचं महाराष्ट्रातलं सर्वांत महागडं उदाहरण उभं आहे. दाभोळ प्रकल्प. गाव अंजनवेल, पण नाव पडलं ते खाडीपलीकडच्या बंदराचं.

जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार. इंधन ठरलं द्रवरूप नैसर्गिक वायू, जहाजाने आणायचा. तोपर्यंत सुरुवातीला नॅप्था, म्हणजे तेलशुद्धीकरणात निघणारं हलकं तेल. एप्रिल १९९३ मध्येच जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. आयात वायूची वीज देशी कोळशापेक्षा महाग पडेल, आणि प्रकल्प एवढा मोठा आहे की त्याची वीज घेण्यासाठी राज्याला स्वतःची स्वस्त केंद्रं थांबवावी लागतील, असं तिचं म्हणणं. पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या अभ्यासकांनी करारातली कलमं सुटी करून हाच हिशेब मराठी वाचकांपर्यंत आणला. त्या काळी या टीकेकडे विकासाला विरोध म्हणून पाहिलं गेलं. १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून मोठ्या आकारात परत आणला.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नॅप्थावर सुरू झाला. आदल्या वर्षअखेरीला कच्चं तेल पिंपाला दहा डॉलरच्या आसपास होतं. सप्टेंबर २००० पर्यंत ते तीसच्या पुढे गेलं. नॅप्था तेलाबरोबर चढला, रुपया डॉलरसमोर घसरला, आणि दोन्हींचा भार वीजखरेदीच्या दरात थेट उतरत होता. २००० च्या मध्यात राज्य वीज मंडळाला ही वीज युनिटला सात रुपये ऐंशी पैशांपर्यंत पडू लागली. करार असा की वीज घेतली नाही तरी यंत्रं तयार ठेवल्याचे पैसे द्यायचे. २९ मे २००१ पासून मंडळाने वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळं काढलं. दुसरा टप्पा जवळजवळ पुरा होऊन उभा होता, ओमान आणि अबू धाबीहून वायू आणायचे करार झालेले होते.

पुढची गोष्ट लोकांना कमी माहीत आहे. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर स्थापन केली आणि प्रकल्प पुन्हा सुरू केला. एन्रॉन गेली म्हणजे अडचण गेली, असं सगळ्यांनी धरून चाललं. आता वायू देशी होता, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातल्या विहिरींतून पाइपलाइनने येणारा. त्या विहिरींचं उत्पादन अपेक्षेपेक्षा फार लवकर घसरलं. उरलेल्या वायूचं वाटप करताना खतकारखान्यांना अग्रक्रम मिळाला आणि २०१३ पर्यंत दाभोळच्या वाट्याला काहीच उरलं नाही. त्याच वर्षी तिथल्या वायू-धक्क्यावर पहिलं जहाज लागलं खरं, पण लाटा अडवणारा समुद्रातला बांध पुरा नसल्याने पुढची कितीतरी वर्षं पावसाळ्यात जहाजं लागू शकत नव्हती.

एकाच कारखान्याचं इंधन तीनदा फसलं, आणि तिन्ही वेळा वेगळ्या कारणाने. पहिल्यांदा किमतीने, दुसऱ्यांदा समुद्राच्या तळाने, तिसऱ्यांदा वाटपाच्या सरकारी क्रमाने. जगात वायूचा तुटवडा यांपैकी एकदाही नव्हता. एन्रॉनच्या लबाडीवर महाराष्ट्रात बरंच लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण लबाडी बाजूला काढली तरी दाभोळ अडकलाच असता, कारण ज्या इंधनाची किंमत आपण ठरवत नाही आणि ज्याच्या रांगेत आपण पहिले नाही, त्यावर दोन हजार मेगावॉट उभे केले होते. कोयनेच्या पाण्यासाठी निदान भांडायला सांगलीचा माणूस समोर असतो. ओमानच्या वायूसाठी कुणाशी भांडणार?

आता पुन्हा घाट चढून पाटणला येऊ. वीजनिर्मितीच्या दृष्टीने हा तालुका श्रीमंत आहे. पाण्याशिवाय इथे वारा आहे. वनकुसवडेच्या सड्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सुरुवातीची यंत्रं साडेतीनशे किलोवॉटची, आजच्या मानाने पोरसवदा. पण एकत्र मिळून दोनशे मेगावॉटांहून मोठं असं हे पठार एके काळी आशियातल्या मोठ्या पवनक्षेत्रांत गणलं जाई. पवनचक्क्या ढग पळवतात अशी समजूत त्या वर्षांत सातारा-सांगलीत पसरली होती. चक्क्या आल्या आणि लागोपाठ दुष्काळी वर्षं आली, एवढाच त्या समजुतीला आधार. सड्यावरची जमीन कवडीमोलाने गेल्याची तक्रार मात्र समजूत नाही.

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते: वेग निम्मा झाला की वीज एक-अष्टमांश. त्यामुळे इथल्या वर्षभराच्या विजेचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच गोळा होतो. कोयनेला ते सोयीचं आहे, कारण तेव्हा धरण भरत असतं आणि वारा वीज देत असेल तर पाणी राखता येतं. गैरसोय अशी की पावसाळ्यात शेतीचे पंप बंद असतात, पंखे-कूलर थंडावतात, मागणीच उतरलेली असते. एप्रिल-मेच्या उकाड्यात, जेव्हा युनिट सोन्याचं असतं, तेव्हा पाती सुस्तावतात.

तिसरं इंधन उसाचं. मरळीचा लोकनेते बाळासाहेब देसाई कारखाना तालुक्यातच, आणि खाली कऱ्हाडकडे सह्याद्री आणि कृष्णा. शंभर टन उसातून अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघतो आणि जास्त दाबाचा बॉयलर असेल तर कारखाना स्वतःपुरती वीज वापरून उरलेली विकतो. हे नोव्हेंबर ते मार्च, गाळप हंगामापुरतं. पट्टा पडला की धूर थांबतो.

म्हणजे पावसाळ्यात वारा, हिवाळ्यात बगॅस, आणि वर्षभर हात राखून पाणी. कागदावर ही मांडणी फार देखणी दिसते. पण तिन्हींचं मूळ एकच आहे: नैऋत्य मोसमी पाऊस. तो रुसला की धरण अर्धं राहतं, वाऱ्याचा जोर कमी होतो आणि पुढच्या हंगामाला ऊस मिळत नाही. तीन वेगवेगळी इंधनं एकाच वर्षी एकत्र आजारी पडतात. झांबियाला हे नुकतंच महागात पडलं. त्या देशाची ऐंशी टक्क्यांहून अधिक वीज पाण्यावरची, मुख्यतः झांबेझी नदीच्या खोऱ्यातली. २०२४ च्या दुष्काळात करिबा जलाशय खाली गेला आणि राजधानी लुसाकात दिवसातले बहुतेक तास अंधारात गेले. भरवसा वाढवायचा तर वेगळ्या मुळाचं इंधन जोडावं लागतं, आणि पाटणच्या बाबतीत ते ऊन आहे. तेही इथलं नव्हे, कारण चार महिने ढगाखाली असलेल्या तालुक्यात ऊन पिकवण्यात फारसा अर्थ नाही. ते माण, जत, सोलापूरकडचं. दिवसा शेतीपंपांना सौर वीज द्यायची महाराष्ट्राची योजना २०१७ पासून आहे. तिने टेंभू-म्हैसाळचे मोठे पंप जेवढे दिवसा चालतील तेवढी कोयनेवरची ओढ हलकी होईल.

स्वच्छ इंधनाचाही खर्च असतो, आणि तो पाटणच्या उत्तरेला चाळकेवाडीच्या पठारावर मोजला गेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया थाकर आणि सहकाऱ्यांनी पवनचक्क्यांचा भाग आणि त्यालगतचा मोकळा भाग यांची तुलना केली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. परिणामी ‘सरडा सुपर्बा’ हा रंगीत गळपंख्याचा सरडा तिथे संख्येने वाढलेला, माणूस जवळ आला तरी उशिरा पळणारा. पण गर्दीत अन्न कमी पडल्याने अंगाने हडकुळा आणि रंगाने फिका. २०१८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. पक्षी पात्यांवर आपटून मरतात एवढीच चर्चा आपल्याकडे होत असे. इथे दिसलं ते त्याहून खोल आहे: घारी-ससाणे पठार सोडून जातात आणि खालचं सगळं बदलतं. शेजारीच कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत.

प्रकल्प मांडताना पर्याय तपासावेत असं १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना सांगते. अहवालात त्यासाठी वेगळं प्रकरण असतं. मी वाचलेल्या बहुतेक अहवालांत हे प्रकरण सर्वांत बारीक असतं आणि त्यात जागांची तुलना असते: हा डोंगर की पलीकडचा, बोगदा डावीकडून की उजवीकडून. इंधनाची तुलना क्वचित, आणि ‘प्रकल्प नकोच’ या पर्यायाला तर एक परिच्छेदही मिळत नाही.

सध्या पाटणमध्ये चर्चा आहे ती उदंचन प्रकल्पांची. डोंगरावर एक तलाव, पायथ्याला एक. दुपारी सौर वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची. अदानी समूहाचा तारळी खोऱ्यातला १,५०० मेगावॉटचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे आला. त्याच समूहाचे एक सल्लागार या समितीचे सदस्य असल्यावरून त्यानंतर वादही झाला. कोयनेचे संध्याकाळचे चार तास नदीचं पाणी न वळवता मिळवायचे, तर तत्त्व म्हणून हाच मार्ग आहे, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण हे वीज तयार करणारं यंत्र नव्हे. चार युनिट चढवायला घातली की तीन परत मिळतात. त्याचं इंधन म्हणजे दुपारची स्वस्त वीज, आणि ती पंचवीस वर्षं स्वस्त राहील का, न राहिल्यास फरक कोण भरणार, हे करारातच पाहावं लागेल. दुसरा प्रश्न डोंगराचा. २२-२३ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करणारा भूकंपही इथलाच. त्यात मुंबईचा वीजपुरवठाही तुटला होता. अशा उतारांवर मोठे बोगदे आणि माथ्यावर तलाव खोदायचे, तर भूगर्भाची तपासणी जनसुनावणीच्या आधी गावांना समजेल अशा मराठीत मिळायला हवी.

या सगळ्यात एक छोटी गोष्ट कुणाच्या तुलनातक्त्यात दिसत नाही. कोयना धरणाच्याच डाव्या तीरावर, पायथ्याशी, जलसंपदा विभागाचा ८० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आखलेला आहे. धरण आहे, वरचा जलाशय आहे, पूर्वेला सोडायचं पाणी तसंही सोडायचंच आहे. डोंगरमाथ्यावर नवा तलाव खोदायला नको. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या तक्त्यांत तो वर्षानुवर्षं ‘काम थांबलेले’ या रकान्यात होता. ८० मेगावॉटसाठी परदेशात सामंजस्य करारावर सह्या होत नाहीत, आणि तारळीच्या मानाने तो जेमतेम एकोणिसावा हिस्सा. पण पूर्वेला जाणाऱ्या पाण्यातून आज पायथ्याला जी किरकोळ वीज निघते ती वाढवता येईल अशी ती एकच आखलेली जागा आहे, आणि पोफळी की आटपाडी या भांडणात दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊ शकेल असंही तिथेच काही आहे.